वाड्याची निगा कोणी राखायची?

अक्कलकोटला येणाऱ्या पाहुण्यांचा रस्ता अगदी ठरलेला असतो. सोलापूरहून चाळीसेक किलोमीटर, वटवृक्ष मंदिरात स्वामींचं दर्शन, समाधी मठ, अन्नछत्रात महाप्रसाद, की झाले परत. कोणी पुढे गाणगापूरला, कोणी तुळजापूरला. मध्यंतरी नगरकडच्या ओळखीतल्या एक बाई दर्शनाला आल्या होत्या. बोलता बोलता राजवाड्याचा विषय निघाला तर म्हणतात, "अगंबाई, तुमच्या गावात राजवाडा आहे?" ही त्यांची दहावी-बारावी वारी होती हो!

पण पाहुण्यांना कशाला नावं ठेवायची? आमच्या बचत गटाच्या बैठकीत मी सहज विचारलं, "राजवाड्यातलं शस्त्रागार कुणी कुणी बघितलंय?" बावीस बायकांत सात हात वर झाले. त्यातल्या तिघी शाळेत असताना सहलीबरोबर गेल्या होत्या. तलवारी, भाले, बंदुका... "खूप होतं बाई काय काय" एवढंच आठवत होतं. गावाच्या नावातच 'कोट' आहे, आणि त्या कोटाची आठवण आपल्याजवळ इतकीच!

मैत्रिणींनो, या घराण्याची सुरुवात कशी झाली ते ऐकलं तर तुम्ही त्या वास्तूकडे वेगळ्या नजरेनं बघाल. साल १७०७. औरंगजेब गेला आणि शाहू महाराज मोगलांच्या कैदेतून सुटून साताऱ्याकडे निघाले. वाटेत पारद गावाशी झटापट झाली, त्यात गावचा पाटील लोखंडे मारला गेला. त्याची बायको आपलं लहान पोर घेऊन आली आणि तिनं ते शाहू महाराजांच्या पायावर घातलं. नवरा गेला, गाव लुटलं जाणार, पोराला तरी अभय द्या. महाराजांनी पोर आपलंसं केलं. पहिल्याच लढाईत फत्ते झाली म्हणून राणोजीचा 'फत्तेसिंह' झाला आणि लोखंड्यांचा भोसले. शाहू महाराजांच्या वाड्यातल्या विरूबाईंनी त्याला पोटच्या पोरासारखं वाढवलं. पुढे त्या वारल्या तेव्हा त्यांची उत्तरक्रियाही फत्तेसिंहानेच केली. अक्कलकोट संस्थान सुरू झालं ते या फत्तेसिंहापासून.

म्हणजे बघा, एका बाईनं पोर सोपवलं आणि दुसरीनं ते वाढवलं. तलवारी नंतर आल्या. पण गोष्ट सांगताना आपण फत्तेसिंहाचं नाव सांगतो आणि तिला नुसतं 'पाटलाची बायको' म्हणतो. पुढे १९२३ मध्ये फत्तेसिंहराव तिसरे वारले तेव्हा मुलगा विजयसिंहराव लहान होता, म्हणून राणी ताराबाईंनी कारभार बघितला. सुमारे पाचशे चौरस मैलांचं हे संस्थान. १९४८ मध्ये ते विलीन झालं आणि आपण सोलापूर जिल्ह्यात आलो. संस्थान गेलं, दफ्तर गेलं, लवाजमा गेला. वास्तू तेवढ्या मागे राहिल्या. त्यांचं काय करायचं हा प्रश्न मग सगळ्याच संस्थानांपुढे उभा राहिला.

आपल्याकडे जुन्या वास्तूसाठी दोन शब्द आहेत. देवळाचा होतो तो 'जीर्णोद्धार' आणि घराची होते ती 'डागडुजी'. जीर्णोद्धाराला पावती पुस्तक असतं, कोनशिला असते, पाहुणे असतात, हार-तुरे असतात. डागडुजीला माळ्यावरचं घमेलं असतं. पण वास्तू टिकते ती या दोन्हींमुळे नाही, असं माझं स्पष्ट मत आहे. ती टिकते निगेमुळे. पावसाआधी माळवदावर पांढरी माती टाकणं, पन्हळीतला पाला काढणं, वाळवी दिसली की त्याच दिवशी खांब बघणं, ओसरी सारवणं. ही कामं वर्षानुवर्षं कोणी केली ते मी वेगळं सांगायला नको.

हे मला नीट उमगलं ते २०२३ च्या जानेवारीत. आमच्या महिला मंडळाची सहल कोकण-गोव्याला गेली होती. कडक भाकरी आणि शेंगाचटणीचे डबे बांधून सव्वीस जणी निघालो. कोल्हापूर झालं, आंबोलीचा घाट उतरलो आणि सावंतवाडीत मोती तलावाकाठच्या राजवाड्याशी बस थांबली. खरं तर सगळ्यांचा डोळा चितारआळीतल्या लाकडी खेळण्यांवर होता. राजवाडा "आलोच आहोत तर" म्हणून बघायचा होता.

तिथला दरबार हॉल बघून आम्ही गप्पच झालो. सिंहासन आहे, तसबिरी आहेत, ते ठीक आहे, ते सगळीकडे असतं. पण तिथं माणसं काम करत बसली होती! त्यात बायकाही होत्या. मांडी घालून, पुढ्यात रंगाच्या वाट्या, हातात बारीक ब्रश, आणि गोल गोल पत्त्यांवर मत्स्य, कूर्म, वराह उमटत होते. या पत्त्यांना गंजिफा म्हणतात. दशावतारी संचात दहा अवतार, प्रत्येकाचे बारा पत्ते, म्हणजे एकशेवीस पत्ते, सगळे हातानं रंगवलेले. त्यासाठी चिंचोक्याची खळ आणि वरून लाखेचा थर. आमच्यातल्या एक अक्का (त्या कन्नड बोलतात, पण हिशोब पक्का मराठीत करतात) हळूच म्हणाल्या, "चिंचोके तर आपण फेकून देतो की!"

या वास्तूची गोष्ट अशी आहे. खेम सावंत तिसरे यांच्या काळात, म्हणजे अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात, हा राजवाडा उभा राहिला, तो कोकणातल्या लाल जांभ्या दगडाचा. गंजिफाही त्याच काळात तिथं रुजला. पण छापील पत्ते आले, राजाश्रय गेला आणि ही कला मरायला टेकली. जुन्या कारागिरांपैकी पुंडलिक चितारी हे वयोवृद्ध गृहस्थ तेवढे ती जाणणारे उरले. तेव्हा शिवरामराजे भोसले आणि राणी सत्वशीलादेवी यांनी त्यांच्याकडून ती विद्या समजून घेतली. स्वतः शिकले, नव्या मुलांना शिकवलं, आणि दरबार हॉलमध्येच त्यांना बसायला जागा दिली. सत्वशीलादेवी बडोद्याच्या गायकवाडांच्या लेक. सून होऊन सावंतवाडीत आल्या आणि सासरच्या गावची कला त्यांनी हातात घेतली ती अगदी शेवटपर्यंत. २०१८ मध्ये त्या गेल्या. मनात आणलं असतं तर त्यांनाही दरबार हॉलला कुलूप लावून, वर्षातून एकदा दसऱ्याला उघडून, मोठेपणा मिरवता आला असता.

त्यांच्या नातवाच्या पिढीने २०२२ मध्ये राजवाड्याच्या एका भागात लहानसं हॉटेल सुरू केलं. खोल्यांना गंजिफाचंच रूप दिलंय. २०२४ मध्ये गंजिफाला आणि तिथल्या लाकडी कामाला भौगोलिक मानांकनही मिळालं. राजवाड्यात हॉटेल म्हटलं की काही जणांच्या कपाळाला आठ्या पडतात. माझ्या नाही पडत. भिंतीला चुना लागतो, छपराला लाकूड लागतं, आणि हे सगळं नुसत्या 'वैभवशाली परंपरे'वर येत नाही. कुणाच्या तरी पगारातून, कुणाच्या तरी भाड्यातून येतं. फक्त वास्तूतून निघणारा पैसा वास्तूला आणि तिथं राबणाऱ्या हातांना पोचला पाहिजे, एवढंच माझं म्हणणं.

तिथून पुढे आम्ही जुन्या गोव्याला गेलो. दगडही तोच, जांभा. पण तिथली गोष्ट उलटी आहे. सेंट फ्रान्सिस झेवियर यांचे अवशेष जिथं आहेत ते बॉम जेझूचं बॅसिलिका १५९४ मध्ये बांधायला घेतलं आणि १६०५ मध्ये पूर्ण झालं. युरोपात ज्या शैलीला 'बरोक' म्हणतात तिचा आपल्या भागातला हा नावाजलेला नमुना. भरगच्च कोरीवकाम, सोन्याचा मुलामा, कुठंही रिकामी जागा म्हणून नाही. आपल्या जुन्या पैठणीचा पदर जणू उभा केलाय! आत ते वैभव, आणि बाहेरून मात्र इमारत लाल, उघडी, खडबडीत. आम्हाला वाटलं असंच असेल मूळचं. तर नाही! ती पूर्वी इतर चर्चांसारखीच चुन्याच्या गिलाव्याची होती. १९५० च्या दशकात पोर्तुगीज अमलातच बाल्ताझार कास्त्रो नावाच्या वास्तुतज्ज्ञानं तो गिलावा काढायला लावला, म्हणजे म्हणे इमारत अधिक 'प्राचीन' दिसेल. दिसायला दिसली. पण जांभा म्हणजे सच्छिद्र दगड, पाऊस पिऊन घेतो. गोव्याचा पाऊस काय सोलापूरसारखा शिंतोडे उडवून जाणारा आहे? तो दगड झिजतोय, आणि २०२० मध्ये तिथल्या प्रमुख धर्मगुरूंनीच जाहीर चिंता व्यक्त केली. गिलावा परत करावा की नाही यावर तज्ज्ञांचे वाद झाले. १९८६ पासून ही सगळी वास्तू जागतिक वारसा आहे बरं का!

मला तर वाटतं, एखाद्या सारवणाऱ्या बाईला विचारलं असतं तरी तिनं सांगितलं असतं, "साहेब, अंगावरचं लुगडं काढू नका, गारठेल."

आता हे गोव्याचं झालं. आपल्याकडे याच्या नेमकं उलट करून तेच साधलं जातं. आपण उघडं पाडत नाही, सिमेंट फासतो! आमच्या सासरचा वाडा मातीच्या पांढऱ्या भिंतींचा आणि माळवदाचा. चौक, सोपा, माजघर, दोन बळदं. वीसेक वर्षांपूर्वी रस्त्याकडच्या भिंतीला 'पक्कं' करायचं म्हणून सिमेंटचा गिलावा केला. पहिली दोन वर्षं काय रुबाब होता! तिसऱ्या पावसाळ्यात पोपडे सुटले. पाचव्या वर्षी आतून भिंत भुसभुशीत झाली. नंतर एका जाणत्या गवंड्यानं समजावून सांगितलं की मातीच्या आणि चुन्याच्या भिंतीला श्वास लागतो. ओल आत शिरते तशी बाहेरही पडायला पाहिजे. सिमेंटनं तिचं नाक दाबलं की ओल आतच कोंडते आणि भिंत कुजते. जुन्या लोकांचा चुना घाणीत मळलेला असायचा, त्यात गूळ, बेलफळाचा गर, उडदाचं पाणी घालायचे. तो गवंडी हे सांगत होता आणि मी मनात म्हणत होते, अरे हा तर आपल्याच स्वयंपाकघरातला मसाला!

इंदूरला माझी मावसबहीण राहते. तिथला होळकरांचा राजवाडा तिच्या घरापासून जवळ. मल्हाररावांच्या वेळेपासूनचा, सात मजली, खालचे तीन मजले दगडी आणि वरचे लाकडी. तीनदा जळाला तो, शेवटचा १९८४ च्या दंगलीत. मागचा भाग पार खाक झाला. पुढे होळकर घराण्यातल्या उषाराजे यांच्या पुढाकारानं तो २००७ पर्यंत परत उभा केला, आणि तो जुन्याच पद्धतीनं, विटा-चुना-माती-लाकूड वापरून. सिमेंट-काँक्रीट ओतून वर जुना रंग दिला असता तर काम लवकर झालं असतं आणि पेपरात फोटोही आला असता. म्हणजे मनात आणलं तर होतं हे, राखेतूनसुद्धा होतं. आपल्याकडे तर वाडे अजून उभे आहेत.

पण एक गोष्ट मला इथं परखडपणे बोलायची आहे. 'वाडा संस्कृती' वाचवा म्हणून गळा काढणारे बरेच भेटतात. बहुतेक पुरुष. त्यांना ओसरीवरचा झोपाळा आठवतो, चौकातली तुळस आठवते, आजीच्या हातचं थालीपीठ आठवतं. त्यांनी एकदा तो चौक शेणानं सारवून बघावा. माजघरात भर दुपारी दिवा लावावा लागायचा, न्हाणीघराला धड दार नसायचं, बाळंतिणीची खोली म्हणजे अंधारकोठडी. माझ्या सासूबाई वयाच्या साठीपर्यंत पावसाळ्याआधी माळवदावर मातीच्या पाट्या चढवत होत्या. वाडा टिकला तो त्यांच्या कंबरेवर! आणि नव्या सुनेला ते करायचं नाही म्हटलं की ती 'वाडा मोडणारी'. माझ्या धाकट्या जाऊबाईंनी फ्लॅटचा हट्ट धरला तेव्हा घरात केवढं रामायण झालं. पण त्या काय चुकीचं बोलत होत्या? त्यांना उजेड हवा होता आणि संडास घरात हवा होता.

म्हणून म्हणते, निगा हवी, पण ती फुकटची नको. बाईच्या अंगावर टाकून वर 'संस्कृती' म्हणायचं, हे आता बंद व्हावं. सावंतवाडीच्या दरबार हॉलमध्ये मला जे आवडलं ते नेमकं हेच. तिथं वास्तू जागती ठेवायचं काम हे काम आहे. ते शिकावं लागतं, त्याचे पैसे मिळतात, ते केलं की नाव होतं.

आपल्या अक्कलकोटात हे होऊ शकणार नाही असं मला कुणी सांगू नये. जगातल्या कित्येक गावांना पाहुणे यावेत म्हणून जाहिराती कराव्या लागतात. आपल्याकडे स्वामींच्या कृपेनं वर्षभर माणसांचा पूर असतो. १८५७ च्या सुमारास स्वामी इथं आले, तेव्हा मालोजीराजांचा काळ होता. १८७८ मध्ये त्यांनी समाधी घेतली. स्वामींची अक्कलकोटातली वर्षं आणि संस्थानचा इतिहास एकमेकांत गुंतलेले आहेत. मग भक्ताला दर्शनानंतर तासाभराची एक फेरी का मिळू नये? मंदिर, राजवाडा, शस्त्रागार, हत्ती तलाव, जुन्या पेठेतले दोन-चार दिंडी दरवाजे. आणि ती फेरी घडवणाऱ्या, गावाची गोष्ट सांगणाऱ्या, आपल्याच बारावी-बीए झालेल्या मुली का नसाव्यात? मराठी, कन्नड, हिंदी तिन्ही भाषा त्यांच्या तोंडात आहेत. ते कौशल्य घेऊन आज त्या सोलापुरात साडीच्या दुकानात उभ्या राहतात.

दुसरं म्हणजे पाडापाडी. मंदिराच्या आसपास जुना वाडा विकला की तिथं लॉज उभा राहतो. विकणाऱ्याला मी दोष देत नाही. भावाभावांत सहा हिस्से, प्रत्येकाला पैसे हवेत, दुरुस्तीला कुणाच्याच खिशात हात जात नाही. पण लॉजच बांधायचा तर जुन्या वाड्यातच चार नीट खोल्या, चांगली न्हाणीघरं, उजेडाला झरोके करून भक्तांना राहायला देता येणार नाहीत का? मुंबई-पुण्याच्या माणसाला काँक्रीटची खोली त्याच्या घरी आहेच. त्याला कडीपाटाखाली झोपायला मिळालं, सकाळी ज्वारीची भाकरी आणि दही-चटणी मिळाली, तर तो दोन पैसे जास्त देईल. नगरपालिकेने अशा मालकांना घरपट्टीत सवलत द्यावी आणि चुन्याचं काम जाणणाऱ्या म्हाताऱ्या गवंड्यांकडून तरुण पोरांना, हो, आणि पोरींनाही, ते शिकवावं. पुंडलिक चितारींसारखा एखादा म्हातारा कारागीर आपल्याही तालुक्यात कुठल्या तरी पारावर बसलेला असेल. तो आहे तोवरच हे करायला हवं.

राजवाडा ही खाजगी मालमत्ता असते, तिथं काय करायचं ते घराण्यानं ठरवावं, हे मला मान्य आहे. पण आपल्या आळीतला वाडा, आपल्या आजेसासूबाईंचा सोपा, तिथं तरी आपलं चालतं ना?

आम्ही निदान सुरुवात करायची ठरवलंय. गटातल्या एका आजींचा पेठेत सोपा आहे, एकच खण ढासळलाय, बाकी सगळं खणखणीत. त्यांची मुलं पुण्यात, आजींना तो पाडायचा नाही. चुन्याचं काम येणारे एक मिस्त्री जवळच्या खेड्यात सापडले, वय पंच्याहत्तर. हाताखाली चार बाया लागतील म्हणाले, रोजानं. गटानं त्यासाठी बिनव्याजी उचल द्यायची ठरवली आहे, आणि खण उभा राहिला की आजी तिथं भक्तांसाठी दोन खाटा टाकणार आहेत. चुना भिजत घातलाय. बेलफळं मळ्यातून आली. गूळ कुणाच्या घरचा घ्यायचा यावरून मात्र मागच्या बैठकीत चांगलीच जुंपली, तो निकाल आता येत्या गुरुवारी.